मांजरीच्या पिल्लाची नसबंदी आणि नंतरचं दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मांजरं सांभाळणाऱ्या आम्हा काही जणांच्या फोनवर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक रात्री दहानंतर, आणि सोबत हमखास एक अंधारातला फोटो: कॉटखाली चमकणारे दोन डोळे. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण इथं मुद्दाम कुठंच दिलेलं नाही, ते पिल्लाचं वजन बघून तिच्या डॉक्टरांनीच सांगायचं. घाईत असाल तर आधी प्रश्न ६ आणि प्रश्न १७ वाचा, बाकीचं नंतर.

१. एवढंसं पिल्लू, दोन-तीन टाके. खरंच एवढं दुखतं का?

दुखतं. टाके दोन दिसले तरी आतून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढलेलं असतं, म्हणजे पोट उघडून केलेलं ऑपरेशन आहे. बोक्याचं तसं नसतं. त्याच्या वृषणांपर्यंत पोचायला पोट उघडावं लागत नाही, बऱ्याचदा टाकाही पडत नाही. त्यामुळे एकाच दिवशी भाऊ-बहिणीचं ऑपरेशन केलं की संध्याकाळी भाऊ पडद्याला लोंबकळतो आणि बहीण कोपरा धरून बसते. ‘ही जरा नाजूकच आहे’ म्हणून तिला नावं ठेवू नका.

पहिला दिवस-रात्र सगळ्यात वाईट. तीन दिवसांत दुखणं बरंच उतरतं, कातडी जुळायला १० ते १४ दिवस लागतात. चार-सहा महिन्यांची पिल्लं वयात आलेल्या किंवा गाभण मांजरीपेक्षा लवकर सावरतात, कारण पोटात चरबी कमी आणि रक्तवाहिन्या बारीक असतात.

२. ती अजिबात ओरडेना. म्हणजे दुखत नसणार ना?

माझीही पहिल्या वेळेला हीच समजूत होती. बकुळ घरी आली, कपाटामागं जाऊन बसली, दोन दिवस हूं की चूं नाही. घरात सगळे म्हणाले, किती शहाणी आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटाला नुसतं बोट लावलं आणि आयुष्यात कधी न चावलेली बकुळ त्यांच्या अंगठ्याला लोंबकळली. दोन दिवस ती शहाणी नव्हती, दुखणं गिळून बसली होती.

मांजर दुखणं लपवतं. म्हणून आवाजाकडं नाही, बसण्याकडं बघायचं. आराम वाटणारं मांजर कुशीवर पसरतं किंवा सैल गोळा करून झोपतं. दुखणारं मांजर चारही पाय पोटाखाली घेऊन, पाठ कमानीसारखी करून, डोकं खाली घालून बसतं. झोपल्यासारखं दिसतं, पण झोपलेलं नसतं. अंग चाटणं बंद होतं, किंवा उलट फक्त टाक्याचीच जागा चाटत राहतं. उचलायला गेलं की अंग ताठ करतं.

चेहराही सांगतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा सैल वळणदार न राहता ताठ सरळ झाल्यात का, आणि डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक कमी पडतंय, डॉक्टरांना फोन करा. पिल्लू झोपलेलं असताना, खाताना किंवा गुंगीत असताना गुण देऊ नका, चुकतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचा समोरून एक साधा फोटो काढून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही लागत नाही.

३. पण ती तर घुरघुरते. खुशीत असेल तरच घुरघुरते ना?

नाही. दुखत असताना, घाबरलेलं असताना, अगदी शेवटच्या घटका मोजतानाही मांजरं घुरघुरतात. घुरघुर सोडून द्या आणि प्रश्न २ मधलं बसणं बघा.

४. दवाखान्यात इंजेक्शन दिलंय म्हणाले. घरी आणखी औषध लागतं का?

कुठलं इंजेक्शन, यावर ते ठरतं. टाक्याच्या जागी बधिर करायचं औषध दिलं असेल तर ते काही तासांतच उतरतं. ब्यूटॉर्फेनॉलसारखं वेदनाशामकही काही तासांपुरतंच. मेलॉक्सिकॅमसारखं सूज आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन साधारण दिवसभर पुरतं.

निघताना काउंटरवर तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या: दुखण्यावर काय दिलं, त्याचा असर कधी संपेल, आणि उद्या काय द्यायचं. लाजू नका. मला एकदा ‘मांजराला काय दुखतंय, ते आपोआप बरं होतं’ असं ऐकवलं गेलं. मी तिथंच उभी राहिले आणि औषध लिहून घेऊनच हलले.

आणखी एक घोळ नेहमी होतो. घरी दिलेली पुडी बघितली तर ती अँटिबायोटिकची निघते. अँटिबायोटिक जंतूंवर काम करतं, दुखण्यावर नाही. ‘औषध चालू आहे’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात वेदनाशामक नसतंच, असा माझा अनुभव आहे.

५. दुपारी आणली तेव्हा छान होती. रात्री एकदम रडायला लागली. काय झालं?

दोन शक्यता. एक, दवाखान्यातलं औषध उतरलं (प्रश्न ४). दुसरी, भुलीची गुंगी अजून उतरायची आहे. भुलीसाठी केटामाइन दिलं असेल तर डोळे टक्क उघडे, बुबुळं मोठी, डोकं डुलतंय, भिंतीला धडकतेय, कुणालाच ओळखत नाही, आणि एका सुरात ओरडतेय असं दिसतं. बघवत नाही, पण हे बहुतेक वेळा दुखणं नसतं.

फरक असा ओळखायचा. हळू आवाजात नाव घ्या, डोक्यावरून हात फिरवा. गुंगीतल्या पिल्लाला त्याचा पत्ताच लागत नाही. दुखणारं पिल्लू तुमच्याकडं बघतं, शांत होऊ पाहतं, पण हात पोटाकडं सरकला की वळून फिस्कारतं. गुंगी असेल तर अंधार करा, टीव्ही बंद, जमिनीवरच ठेवा (पलंगावरून पडेल), आणि सकाळपर्यंत वाट बघा. झोकांड्या १२ ते २४ तासांत थांबल्या पाहिजेत. दुखणं वाटलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना मेसेज टाका. घरातलं काही देऊ नका.

६. घरात क्रोसिन आहे. पाव गोळी दिली तर चालेल का?

नाही. पाव नाही, चिमूट नाही, लहान बाळाचे थेंब नाहीत.

क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या सगळ्यांत पॅरासिटामॉल असतं. माणसाचं यकृत ते निकामी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते करण्याची क्षमता जवळजवळ नसतेच. मग त्याचं जे विषारी रूप होतं ते तांबड्या पेशींवर जातं, आणि रक्त अंगात फिरत असूनही प्राणवायू पोचवू शकत नाही. हिरड्या चॉकलेटी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. हिशोब करून बघा: ५०० च्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलीग्रॅम. दीड किलोच्या पिल्लाला ते किलोमागे ८० च्या वर जातं. मांजरांमध्ये किलोमागे १० मिलीग्रॅमलाही विषबाधा झाल्याची नोंद आहे.

कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन, ब्रुफेनमध्ये आयब्युप्रोफेन, मेफ्टालमध्ये मेफेनामिक ॲसिड. ही पिल्लाची किडनी आणि आतडी खराब करतात. डायक्लोफेनॅकही नको. (गुरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या गुरांवाटे गिधाडांच्या पोटात जाऊन ती पटापट मेली, म्हणून २००६ मध्ये आपल्याकडं जनावरांसाठी त्यावर बंदी आली.)

चुकून दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका. गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि निघा. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो जितका लवकर तितका बरा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा. ‘काही दिलं नाही’ म्हणून गेलेला एक तास परत येत नाही.

७. मग वरून काही लावलं तर? हळद, खोबरेल, बाम?

मांजर अंगावरचं सगळं चाटतं, म्हणजे वरून लावलेलं शेवटी पोटातच जातं. झंडू बाम, आयोडेक्स, मूव्ह, वोलिनी यांतली औषधं तिच्यासाठी विष आहेत. कापूरही तसाच. डेटॉलच्या पाण्यानं पुसू नका, त्यातला घटकही मांजराला सोसत नाही. माश्या बसू नयेत म्हणून कुत्र्यांसाठीचा गोचीड-पिसवांचा स्प्रे मारू नका. त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.

हळद विषारी नाही, पण टाक्यावर खपली धरते. खालची लाली दिसत नाही आणि पिल्लाला चाटायला निमित्त मिळतं. आजी ऐकत नसतील तर हळद दाराच्या उंबऱ्याला लावू द्या. टाक्यावर काहीच न लावणं हेच उत्तम. मळलंच तर डॉक्टरांना विचारून सलाइननं हलकेच टिपा.

८. मेलॉक्सिकॅमची बाटली दिलीय, पण तिच्यावर कुत्र्याचं चित्र आहे. देऊ का?

थांबा, आधी बाटलीवरचा आकडा वाचा. पातळ मेलॉक्सिकॅम वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. कुत्र्यांसाठीचं बहुतेक वेळा एका मिलीत १.५ मिलीग्रॅम, मांजरांसाठीचं ०.५ मिलीग्रॅम. म्हणजे तेवढेच थेंब कुत्र्याच्या बाटलीतून दिले तर औषध तिप्पट गेलं. मेडिकलवाल्यानं ‘तेच आहे की’ म्हणून दुसरी बाटली दिली, असं होतं, आणि तो खोटंही बोलत नसतो. औषधाचं नाव तेच असतं, ताकद निराळी.

डॉक्टर कधी कधी कुत्र्याचीच बाटली मुद्दाम देतात आणि मात्रा कमी सांगतात. ते ठीक आहे. फक्त बाटलीचा फोटो पाठवून ‘याच बाटलीतून किती मिली?’ असं स्पष्ट विचारा. थेंब मोजू नका, मेडिकलमधून एक मिलीची सिरिंज आणा. बाटलीसोबतच्या सिरिंजवर कुत्र्याच्या किलोच्या खुणा असतात, तिचा भरवसा नाही.

हे औषध पोटात अन्न असताना द्यायचं. उलट्या, पातळ किंवा काळी शी, खाणं-पिणं बंद यांतलं काहीही दिसलं तर पुढची मात्रा थांबवा आणि फोन करा. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. काही डॉक्टर मांजराला एकच इंजेक्शन देऊन थांबतात, काही दोन-चार दिवस अगदी थोड्या मात्रेत पाजायला सांगतात. दोन्ही पद्धती चालतात. शेजारणीच्या मांजराला पाच दिवस दिलं म्हणून तुम्ही वाढवू नका.

९. औषध पाजलं की तोंडाला फेस येतो. विषबाधा झाली का?

बहुधा औषध कडू आहे, एवढंच. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तर इतकं कडू की मांजर साबण खाल्ल्यासारखं फेसाळतं. सिरिंज समोरून घशात मारू नका, गालाच्या बाजूनं आत घालून थोडं थोडं सोडा. गोळी दिली, विशेषतः डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची, तर मागोमाग थोडं पाणी किंवा पातळ खाणं द्याच. ही गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते. पाच-दहा मिनिटांत फेस थांबला नाही, किंवा सोबत धाप असेल, तर प्रश्न १७.

१०. काहीच खाईना झालीय. किती वेळ वाट बघायची?

पहिल्या संध्याकाळी नेहमीच्या निम्मं खाल्लं तरी पुष्कळ. पण लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार नसतो. पूर्ण शुद्धीवर आल्यावर १२ तासांत तोंडात काहीच गेलं नाही तर फोन करा, मोठ्या मांजरासारखा पूर्ण दिवस थांबू नका.

न खाणं हे बऱ्याचदा दुखण्याचंच लक्षण असतं. वेदनाशामक बसलं की भांडं आपोआप चाटून पुसून निघतं. तोवर उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी द्या, बोटाला लावून नाकाशी धरा. कोमट महत्त्वाचं, कारण वास आला तरच मांजर खातं. या पाण्यात कांदा-लसूण नको, तो मांजराचं रक्त नासवतो. त्याच कारणानं शेंगा चटणी लावलेली भाकरीही नको, एरवी तुमची मांजर ती आवडीनं खात असली तरी. दूध देऊ नका. बऱ्याच मांजरांना पचत नाही, आणि टाके असताना जुलाब म्हणजे दुहेरी त्रास.

११. शू झाली, पण शी दोन दिवस नाही.

पोट रिकामं होतं, काही औषधांनी आतडीही मंदावतात. दोन-तीन दिवस चालतं. शू मात्र २४ तासांत झालीच पाहिजे. तिच्या डब्यात वाळू किंवा माती असेल तर टाके निघेपर्यंत फाडलेली वर्तमानपत्रं घाला. आपली काळी माती ओल्या टाक्यावर अशी बसते की काढायला गेलं की पिल्लू किंचाळतं.

१२. टाका चाटू नये म्हणून गळ्यात भोंग्यासारखी कॉलर घातली की मागं मागं चालते, भिंतीला अडकते. काढून टाकू?

पहिले काही तास सगळ्याच तसं करतात. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले बारीक काटे असतात. पाच मिनिटं मनापासून चाटलं तर टाका उसवतो, आणि मग दुखणं पुन्हा पहिल्यापासून. खाताना समोर बसून काढा, खाणं झालं की घाला.

अजिबातच जमत नसेल तर जुन्या टीशर्टची बाही कापून चार पायांना भोकं पाडा आणि अंगरखा घाला. शेपटीखालचा भाग मोकळा हवा. टाक्यावर घट्ट बसता कामा नये, आणि रोज काढून खाली ओल आहे का बघायचं. मे महिन्यात कापड सुतीच हवं.

१३. सोलापूरचा उन्हाळा. कूलरसमोर ठेवू? टाक्यावर बर्फ लावू?

पहिल्या रात्री उलट थंडीची भीती जास्त. भुलीत अंगाचं तापमान पडतं आणि पिल्लाला ते लवकर सावरता येत नाही. बाहेर ४२ अंश असले तरी कूलरचा झोत थेट अंगावर नको, शहाबादी फरशीवर उघडं ठेवणं नको. आतल्या खोलीत, खाली चादर, दूर पंखा. कान आणि पंजे गार लागले तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाखाली नाही. गुंगीतल्या पिल्लाला चटका बसला तरी सरकता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला हवी ती जागा निवडू द्या.

थंड शेकानं सूज आणि ठणका कमी होतो हे खरं, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच, दुसऱ्या दिवशी, रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं. ती पळून गेली तर विषय संपला. धरून ठेवून शेक देण्यात अर्थ नाही.

कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजरात कधीच ‘उन्हामुळं असेल’ म्हणून सोडायचं नाही. प्रश्न १७ बघा.

१४. झोपायला काय टाकू? घरात टॉवेल भरपूर आहेत.

टॉवेलचं गाव आपलं, त्यामुळे हात आधी तिकडंच जातो. पण टेरी टॉवेलच्या उभ्या सुताच्या फाशांत पिल्लाची नखं अडकतात. सोडवायला ती हिसका मारते आणि तो हिसका थेट पोटाच्या टाक्यांवर येतो. जुनी, धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर किंवा सुती साडीची घडी बरी. दवाखान्यातून आणतानाही बाजाराच्या पिशवीत घालू नका, पोट दुमडतं. पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट एकमेकांवर उपडे घालून कडेनं बांधले की रिक्षात मांडीवर छान बसतात.

१५. आमच्या घरातच माग आहे आणि आई विड्या वळते. वेगळी काही काळजी घ्यायची का?

हो, आणि हा प्रश्न फक्त आपल्याकडचेच लोक विचारतात. मागाच्या खडखडाटाची तिला सवय असते, त्याचा त्रास नाही. त्रास तुसाचा. हवेतला सुताचा तूस ओलसर टाक्यावर चिकटतो, म्हणून दहा दिवस तिला मागाच्या खोलीबाहेर ठेवा. दोऱ्याचे तुकडे उचला. औषधाच्या गुंगीत कंटाळलेलं पिल्लू दोरा चघळतं आणि गिळतं, मग उलट्या कशाच्या हेच कळत नाही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

विडीच्या सुपात तंबाखू असते, आणि सूप म्हणजे मांजराला बसायची आवडती जागा. निकोटिन तिच्यासाठी विष आहे. लाळ, थरथर, उलट्या दिसल्या तर ते टाक्यांचं दुखणं समजू नका.

१६. दुसऱ्याच दिवशी कपाटावर उड्या मारायलीय. बरी झाली म्हणून औषध बंद करू?

ती बरी झालेली नाही, तिचं औषध चांगलं चाललंय. सांगितलेले दिवस पूर्ण करा. आतल्या स्नायूंचे टाके उडीनं ताणले की गाठ किंवा हर्निया होतो. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाला ‘विश्रांती’ समजावता येत नाही, म्हणून खोली बदला: उंच काही नसलेली न्हाणीशेजारची खोली, नाहीतर मोठा पिंजरा. शिकारीचे खेळ बंद, खाऊ शोधायचे खेळ चालतील. टाके काढेपर्यंत आंघोळ नाही. पाणी येण्याच्या दिवशी घरात जी पळापळ असते, तिच्यातही हिला आतच ठेवा.

१७. लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा चॉकलेटी. तोंड उघडून श्वास. टाक्यातून टिपटिप थांबत नसलेलं रक्त. पोट फुगत चाललंय आणि ती गळून पडलीय. दुसऱ्या दिवशीही उभी राहत नाही. सारख्या उलट्या. टाक्यातून पू किंवा घाण वास. ताप: मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, माणसाच्या मापानं ‘शंभर म्हणजे ताप’ धरू नका. वेदनाशामक देऊन काही तास झाले तरी प्रश्न २ मधली लक्षणं तशीच असतील, तरी न्या.

टाका उघडून आतलं काही बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड सलाइननं ओलं करून झाका, चाटू देऊ नका आणि निघा.

रात्री मांजर बघणारे डॉक्टर आपल्याकडं मिळणं अवघड, आणि पुणं अडीचशे किलोमीटर. म्हणून ऑपरेशन सकाळी लवकर आणि आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा, शनिवारी नको. ‘रात्री काही झालं तर कुणाला फोन करू?’ हे आधीच विचारून नंबर दारामागं चिकटवा.

१८. पाचव्या दिवशी टाक्याखाली गाठ आलीय. दाबली तर दुखतंय का कळेना.

दाबूच नका. छोटी, टणक, न दुखणारी गाठ बहुतेक आतल्या विरघळणाऱ्या दोऱ्याभोवती आलेली असते आणि काही आठवड्यांत जाते. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ गाठ म्हणजे साचलेलं द्रव, जास्त उड्यांचं फळ. तीही बऱ्याचदा आपोआप जिरते. गरम, लाल, दुखरी असेल तर जंतूंचा संशय. आत-बाहेर होणारी मऊ गाठ हर्निया असू शकते. या शेवटच्या दोन्ही त्याच दिवशी दाखवा. रोज एकाच वेळी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. वाढतेय की नाही हे डोळ्यांपेक्षा नाणं खरं सांगतं.

१९. घरातली दुसरी मांजर तिच्यावर फिस्कारतेय. सख्खी बहीण आहे!

बहिणीला दवाखान्याचा वास येतोय, बहीण ओळखू येत नाही. दोन-तीन दिवस वेगळं ठेवा आणि एकीची चादर दुसरीकडं फिरवा. नसबंदी न झालेला बोका घरात असेल तर त्यालाही लांब ठेवा. ऑपरेशननंतर काही दिवस तिला माजाचा वास राहू शकतो आणि त्याची झटापट टाक्यांना परवडणारी नाही.

२०. पोट उघडल्यावर गाभण निघाली. दुखणं जास्त असेल का?

हो. चार महिन्यांचं पिल्लूही माजावर येऊ शकतं, त्यामुळे असं घडतं. गर्भाशय मोठं, चीर मोठी, रक्तस्राव जास्त. वेदनाशामक जास्त दिवस लागेल का हे मुद्दाम विचारा. सडांत दूध भरून ते ताठ होतात, तेही दुखतं. पिळू नका, पिळलं की आणखी येतं.

२१. महिन्याभरानं पुन्हा लोळते, मागचा भाग वर करून ओरडते. टाके दुखतायत का?

महिन्यानंतर टाके दुखत नसतात, हा माज आहे. आत अंडाशयाचा अंश राहिला असेल तर असं होतं. लक्षणं चालू असतानाच व्हिडिओ काढा आणि त्याच वेळी डॉक्टरांकडं न्या, तपासणीत तेव्हाच नीट कळतं.

२२. तिला आधीपासून त्वचेसाठी स्टेरॉइड चालू आहे. डॉक्टर वेगळे होते. सांगायला हवं का?

सांगायलाच हवं, ऑपरेशनच्या आधी. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक एकत्र गेलं की पोटात व्रण होतात. किडनीचा त्रास, जुलाब, अंगातलं पाणी कमी झालेलं असतानाही हे औषध धोक्याचं. अशा पिल्लासाठी ब्यूप्रेनॉर्फिन किंवा गॅबापेंटिनसारखे दुसरे मार्ग आहेत. गॅबापेंटिननं ती दारू प्यायल्यासारखी चालेल, घाबरू नका, फक्त जिन्यापासून लांब ठेवा. जुन्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगताना चुकतात.

२३. गल्लीतलं पिल्लू आहे, हाताला लागत नाही. रोज औषध कसं पाजणार?

पाजता येणार नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा. मग ते जास्त वेळ टिकणारं इंजेक्शन आणि विरघळणारे टाके निवडतात, काही जण पोटाऐवजी कुशीतून चीर देतात, म्हणजे लांबूनही टाका दिसतो. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक भुलीतच कापतात. पूर्ण शुद्धीवर येऊन खाईपर्यंत पिंजऱ्यातच ठेवा, किमान एक रात्र, जमलं तर दोन-तीन. गटाराकडेला सोडलं आणि टाक्यावर माश्या बसल्या की आपल्या उन्हात अळ्या पडायला वेळ लागत नाही.

उरलेलं वेदनाशामक माशाच्या तुकड्यात घालून गल्लीत ठेवू नका. ते कुणी खाल्लं आणि किती, हे कधीच कळत नाही.

२४. सुट्टी संक्रांतीलाच मिळते. तेव्हा करू का?

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मी करत नाही. शोभेचं दारूकाम, गर्दी, रात्रभर आवाज. घाबरलेलं पिल्लू माळ्यावर चढतं, अंग चोरतं, आणि भीतीनं दुखणंही वाढतं. दिवाळीचंही तेच. आठ-दहा दिवस मागं-पुढं करा. पण ती आत्ताच माजावर येऊन गेली असेल आणि घराबाहेर पडत असेल, तर फटाक्यांपेक्षा गाभण राहण्याची घाई मोठी. अशा वेळी आतली खोली, जाड पडदे, आणि पहिल्या दोन रात्री कुणीतरी घरात थांबायचं. दारूकाम बघायला बाकीच्यांनी जावं.